डावीकडची गाठ

चरईतल्या आमच्या ड्रेपरीत चिलखतं अकरा,
सगळी गोणपाटाची, वरून चंदेरी रंग.
अंगरखे बत्तीस. जिरेटोप कुणी मोजत नाही.
पहिल्या रांगेतून राजा वाटला पाहिजे,
तेवढंच कापड इतिहासाला पुरतं.
टिकली गळली की मी लावते.
जर काळी पडली की उसवते, नवी घालते.

मार्चमध्ये ओवी टिपणीस आली.
तिच्या मोबाइलमध्ये एक बाई,
कमरेला आवळलेली, तोंड मिटलेलं.
"एकांकिका आहे काकू. कंपनीच्या अधिकाऱ्याची बायको.
ठाण्याच्या किल्ल्यात राहायची."
किल्ला म्हणजे जेल?
"हो. पण तेव्हा जेल नव्हता."
मी म्हटलं, तिला विचारलंस का?

कॉर्सेट मी कधी शिवला नव्हता.
आपल्या चोळीची गाठ पुढे, याच्या नाड्या मागे.
म्हणजे बांधायला दुसरं माणूस लागतं,
आणि सोडायलाही.
हे लक्षात आलं तेव्हा
सुई हातात, दोरा ओठात,
बराच वेळ तशीच बसले.

स्टीलच्या पट्ट्या परवडेनात.
जांभळी नाक्यावरून वायरी बांधायचे जाड टाय आणले, चोवीस.
नंतर कुणीतरी सांगितलं,
माणसाच्या बरगड्याही तेवढ्याच असतात.

नक्षीचा कागद दिग्दर्शकाचा: गुलाब.
राबोडीच्या इश्तियाकभाईंना दाखवला,
ज्यांनी मला सलमा बसवायला शिकवलं.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"बाई, ये तो केक का गुलाब है."

मग एका दुपारी कोपरीच्या खाडीवर जाऊन उभी राहिले.
ओहोटी होती. वास होता.
तिलाही आला असेल, खिडकी कितीही उंच असली तरी.
तिला गुलाब कुठून दिसणार?

तिवराची पानं भरीव टाक्यात,
वरून हिरवी, उलटलेली राखाडी.
चिखलातून वर आलेली मुळं उलट्या टिपेत,
जवळजवळ, जशी असतात तशी.
कमरेपाशी एक निवटी,
डोळा कलाबतूचा.
सत्तावीस रात्री गेल्या. दोऱ्याला मेण, मानेला शेक.

दिग्दर्शक म्हणाला, "सुंदर!
पण वरून गाऊन आहे ना. दिसणार कुणाला?"
मी नाड्या ओवत राहिले.

तालमीला ओवी म्हणाली, डावीकडे टोचतंय,
तिसऱ्या पट्टीखाली.
अस्तराआड गाठ राहिली होती, माझीच, घाईतली.
कात्री उचलली, तर तिने मनगट धरलं.
"नको काकू. तिथे टोचलं की
'पत्र आलं नाही' हे वाक्य बरोबर येतं."

स्पर्धेला मी मागून चौथ्या रांगेत होते.
गाऊन भाड्याचा, चकचकीत, शिवणीत ओढलेला.
त्याच्या आत खाडी आहे
हे त्या अख्ख्या नाट्यगृहात तिघांना माहीत.
मध्येच ती थांबली. डावा हात
जरासा वर आला, बरगडीशी गेला, खाली पडला.
"पत्र आलं नाही."
शेजारचा माणूस वेफर्सची पिशवी चुरगाळत होता,
तो थांबला.
मी माझं सुईनं खरबरीत झालेलं बोट
अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

तिसरा नंबर आला. वेशभूषेचं बक्षीस
पैठणी नेसवलेल्या कुठल्याशा नाटकाला.

कॉर्सेट परत आला तो घामानं जड होऊन.
हिरवा दोरा अस्तरात उतरलाय,
पानांमागे पानं, मी न काढलेली.
भाड्याच्या वहीत लिहिलं:
इंग्रज बाई, एक नग, दिवसाला तीनशे.
धुवायचा नाही.

गाठ आहे तिथेच आहे.
पुढची जी कुणी नेईल
तिला सांगायचं की नाही,
अजून ठरवलेलं नाही.